नव्व्याण्णव पर्सेंटाइल, तरीही सीओईपी नाही?

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हा प्रश्न विचारला जातो. मुलीला नव्व्याण्णवच्या वर मिळालेले असतात, पेढे वाटून झालेले असतात, आणि आठवड्याभरात कोणीतरी सांगतं की एवढ्यावर पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटर मिळणार नाही. मग आईवडिलांना वाटतं, यंत्रणेत काहीतरी गडबड आहे किंवा आपलं मूल कमी पडलं. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. आकड्याचा अर्थ आपल्याला कोणी नीट सांगितलेला नसतो, एवढंच.

सीओईपी, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १८५४ साली झाली. थोर अभियंते विश्वेश्वरय्या याच संस्थेचे विद्यार्थी. २००३ पासून ती स्वायत्त होती आणि २०२२ मध्ये कायद्याने स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं, नांदेडचं एसजीजीएस १९८१ चं. या संस्थांतला प्रवेश राज्याच्या सामाईक प्रक्रियेतून होतो. तिथे ओळख, देणगी, चिठ्ठी यांपैकी काहीही चालत नाही. गुणवत्ता यादीतला क्रमांक, हातातले दाखले आणि तुम्ही भरलेला पसंतिक्रम या तीनच गोष्टींवर सगळं ठरतं. पहिली गोष्ट मिळवायला दोन वर्षं घाम गाळावा लागतो. उरलेल्या दोन समजून घ्यायला काही संध्याकाळी पुरतात, आणि नेमक्या त्यांच्यातच हुशार मुलांच्या जागा जातात. म्हणून हे प्रकरण.

१. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. परीक्षा संगणकावर होते आणि लाखो मुलांना एकाच वेळी बसवणं शक्य नसल्याने ती अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. एखादी सोपी जाते, एखादी घाम फोडते. मग सोमवारी सकाळी १४२ गुण मिळवणाऱ्या मुलाची तुलना बुधवारी दुपारी १५१ मिळवणाऱ्या मुलीशी कशी करायची?

त्यावरचा उपाय म्हणजे पर्सेंटाइल. यात गुण किती मिळाले हे बाजूला ठेवतात आणि आपल्याच सत्रातल्या किती मुलांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण आहेत ते मोजतात. समजा, सोमवारच्या सत्रात २०,००० मुलं बसली. १४२ गुणांच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण १९,८०० जणांना पडले. १९,८०० भागिले २०,०००, गुणिले १००. उत्तर ९९. बुधवारची प्रश्नपत्रिका सोपी होती, म्हणून तिथे ९९ यायला १५१ गुण लागले. दोघांचं पर्सेंटाइल एकच आणि त्यात कोणावरही अन्याय नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या एकाच मुलाला तुमच्याहून जास्त गुण आहेत. ऐकायला हे फार मोठं वाटतं आणि ते मोठं आहेच. पण २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे ४ लाख २२ हजार मुलांनी दिली. त्याचा एक टक्का म्हणजे चार हजार दोनशेच्या वर मुलं. एवढी मुलं तुमच्या पुढे उभी आहेत. सीओईपीच्या सगळ्या शाखांच्या मिळून जागा हजाराच्या आसपास, त्यांत कॉम्प्युटरच्या तर त्याहून खूपच कमी, आणि त्यांचीही वेगवेगळ्या प्रवर्गांत विभागणी झालेली. म्हणून खुल्या प्रवर्गातून कॉम्प्युटरचा दरवाजा ९९.९ च्या आसपास बंद होतो. दशांशचिन्हाच्या पुढचा एकेक आकडा इथे शेकड्यांनी माणसं मागेपुढे करतो. २०२५ च्या हिशेबाने ०.१ पर्सेंटाइल म्हणजे सव्वाचारशे मुलं.

२०२४ मध्ये याच गटाची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी दिली होती. तेव्हा ९९ पर्सेंटाइलला पुढे उभी असलेली मुलं तीन हजारांच्या आत होती. वर्षभरात ती चार हजारांवर गेली, पर्सेंटाइल मात्र तेच. ‘मागच्या वर्षी दादाला एवढ्यावर मिळालं होतं’ ही तुलना त्यामुळेच फसते.

२. अभ्यास: थोडक्यात, पण नेमकं

गणित शिकवायची ही जागा नाही. परीक्षेची रचना मात्र काही गोष्टी उघड सांगते आणि त्या ऐकायला हव्यात. निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत. दोन मुलांचं एकूण पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी गणिताचंच पर्सेंटाइल पाहिलं जातं. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. भौतिक आणि रसायनच्या १०० प्रश्नांनाही ९० मिनिटंच, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईच्या सवयीने जी मुलं शंका आली की प्रश्न सोडून देतात, त्यांनी ही सवय सीईटीच्या दारातच ठेवावी.

अभ्यासक्रम राज्य मंडळाचा: बारावीचा भाग सुमारे ८० टक्के, अकरावीतली निवडक प्रकरणं २० टक्के. जाड गाइड घेण्याआधी बालभारतीची पुस्तकं उदाहरणांसकट पुरी करा, असं मी प्रत्येकाला सांगेन. आणि बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. गुणवत्ता यादी सीईटीवर लागते हे खरं, पण पात्र ठरण्यासाठी बारावीच्या संबंधित विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतातच.

३. दाखले: जिथे खरी पडझड होते

मला सर्वांत जास्त तळमळ या भागाची आहे. अभ्यासात कमी पडून जागा गेली तर मुलाला निदान कारण कळतं. दाखला वेळेवर आला नाही म्हणून जागा गेली तर त्या मुलाने काय समजावं? हे बहुतेक त्याच घरांत घडतं, जिथे इंजिनिअरिंगला जाणारं ते पहिलंच मूल असतं.

वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो ते, अकरावीतच काढून ठेवा. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून ते मिळतं. जूनमध्ये तिथली गर्दी पाहिली की वर्षभर आधी जाण्याचं महत्त्व कळतं.

राखीव प्रवर्गाच्या मुलांसाठी सगळ्यांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, तर वैधता तपासणी समिती देते आणि त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने महसुली कागद हे सगळं शोधायला महिने लागतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक निघाला तर आणखी महिने. म्हणून अर्ज अकरावीत असतानाच, कॉलेजमार्फत करा. घरात बापाची, काकांची किंवा आत्याची वैधता आधीच झालेली असेल तर ती प्रत जोडा. वाट पुष्कळ सोपी होते.

नॉन-क्रीमीलेअरच्या बाबतीत घोळ तारखेचा होतो. २०२६-२७ या वर्षाच्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असायला हवं. मोठ्या बहिणीच्या वेळी काढलेलं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र चालत नाही. हे प्रमाणपत्र इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग या सगळ्यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. आणि एक खाचखळगा असा: आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातलं. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी दोन्ही काढावीत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही हेच लागू.

ज्यांनी दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर केली आहे, त्यांनी माहितीपुस्तिकेतले उमेदवारीचे प्रकार नीट वाचावेत. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर वेगळा प्रकार आहे. बेळगाव-कारवार-बिदरकडच्या वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी तर स्वतंत्र प्रकार आहे आणि तिकडच्या अनेक घरांना त्याची गंधवार्ताही नसते. सीमाभागात तुमचं कोणी असेल तर त्यांना आजच कळवा.

कागद अपलोड केले की त्यांची छाननी होते, ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रात जाऊन. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यात आपलं नाव, प्रवर्ग, गुण, लिंग हे शब्दशः तपासा. चूक सांगायला थोडेच दिवस असतात. अंतिम यादी लागल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

४. कटऑफचा तक्ता कसा वाचायचा

परीक्षा आणि प्रवेशप्रक्रिया घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीचे कटऑफ मिळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सांकेतिक भाषेसारखे वाटतात, पण किल्ली सोपी आहे. जीओपीईएनएस हे उदाहरण घ्या. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा. तिथे एल असेल तर ती मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांची, ओ म्हणजे बाहेरच्यांची.

प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातला आकडा पाहतात. तुम्ही आधी क्रमांक पाहा. परीक्षार्थी वाढले की पर्सेंटाइलचा अर्थ बदलतो, हे आपण वर पाहिलंच. जागा फारशा बदललेल्या नसतील तर क्रमांक त्या मानाने स्थिर राहतो. मागच्या वर्षी एखादी शाखा २,१०० व्या क्रमांकावर बंद झाली असेल आणि तुमचा क्रमांक २,३०० असेल, तर आशा ठेवायला जागा आहे. क्रमांक ५,००० असेल तर ती शाखा यादीत जरूर लिहा, पण तिच्यावर विसंबू नका. एकाच फेरीवरून अंदाज बांधू नका. पहिल्या फेरीत जागा धरून ठेवलेली काही मुलं आयआयटी-एनआयटीकडे जातात आणि पुढच्या फेऱ्यांत कटऑफ सरकतो.

५. पसंतिक्रम: आंब्याची पेटी

आता सगळ्यांत गैरसमज असलेली गोष्ट. ‘पहिल्या नंबरला सीओईपी टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही हातचं जाईल.’ ही भीती इतकी खोल रुजली आहे की चांगल्या क्रमांकाची मुलं आपल्याला हवं असलेलं कॉलेज यादीत लिहीतच नाहीत.

समजा, आजोळी आंब्याची पेटी आली आहे. पेटीत हापूस, पायरी आणि केसर. आजीने सगळ्या नातवंडांना वयाप्रमाणे रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला आपल्या आवडीचा क्रम चिठ्ठीवर लिहायला सांगितला. थोरल्यापासून सुरुवात. ज्याची पाळी येईल त्याची चिठ्ठी आजी वरून खाली वाचते आणि पेटीत उरलेल्यांपैकी त्याच्या क्रमात सर्वांत वर असलेला आंबा त्याच्या हातात ठेवते. तुम्ही सहावे आहात. चिठ्ठीवर हापूस पहिला, पायरी दुसरी. तुमची पाळी येईपर्यंत हापूस संपला. आजी पुढची ओळ वाचते: पायरी. ती पेटीत आहे, म्हणजे ती तुमची. सातव्या नातवाने पायरी पहिली लिहिली होती, म्हणून ती त्याला आधी मिळाली का? नाही. तो तुमच्या मागे उभा आहे. वर हापूस लिहिल्याने तुमचं काहीच गेलं नाही. उलट भीतीने हापूस लिहिलाच नसता आणि एखादा उरला असता, तर तो मागच्या कोणालातरी गेला असता.

प्रवेशाचं संगणकीय वाटप मुळात असंच चालतं. रांग वयाऐवजी गुणवत्ता क्रमांकाची असते, प्रवर्गांमुळे एकाऐवजी अनेक पेट्या होतात, एवढाच फरक. या विषयामागे गणिताची मोठी परंपरा आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये कॉलेजप्रवेशाचा प्रश्न गणिताने सोडवून दाखवला आणि त्या वाटेवरच्या कामासाठी २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली व ॲल्विन रॉथ यांना मिळालं. भीतीलाही इतिहास आहे. बोस्टनच्या शाळाप्रवेशात २००५ पर्यंत अशी पद्धत होती की पहिली पसंती देणाऱ्यांना आधी जागा मिळत. तिथे पहिला नंबर वाया घालवणं खरोखर महागात पडे, म्हणून ती बदलली. आपल्याकडची पद्धत ती नाही.

म्हणून क्रम लावताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: या दोन्ही जागा समोर ठेवल्या तर मी कोणती उचलीन? ती वर. मिळण्याची शक्यता, मागचा कटऑफ, शेजाऱ्यांची यादी, यांतलं काहीही क्रम लावताना मनात आणू नका. कटऑफ पाहायचा तो यादी किती लांब हवी हे ठरवण्यासाठी. वर स्वप्नातल्या जागा, मध्ये जमण्यासारख्या आणि खाली खात्रीच्या, पण प्रत्येक जागा अशी हवी की ती मिळाली तर तुम्ही खरोखर जाल. पैसे घेऊन तयार यादी देणारे सल्लागार हल्ली गल्लोगल्ली आहेत. मूल कशात रमतं हे त्यांना माहीत नसतं. ही यादी घरातच व्हायला हवी आणि तिच्यावरचा शेवटचा शब्द मुलाचा हवा.

६. फ्रीझ होण्याआधी

इथे एक मोठा ‘पण’ आहे. वाटप एका फेरीत संपत नाही. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी चार फेऱ्या होत्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादी मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, की ती जागा आपोआप पक्की, म्हणजेच ‘फ्रीझ’. ती घ्यायचीच. पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. यापेक्षा खालची पसंती मिळाली तर मात्र ती हातात ठेवून पुढच्या फेरीत ‘बेटरमेंट’साठी थांबता येतं. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते.

उदाहरण घ्या. एका मुलाने सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर आणि तिसरं म्हणून घराजवळचं एक कॉलेज लिहिलं, ‘सहज टाकून ठेवू’ म्हणून. दुसऱ्या फेरीत त्याला तिसरं मिळालं. तिसऱ्या फेरीत व्हीजेटीआयची जागा मोकळी झाली, पण तो आता प्रक्रियेच्या बाहेर आहे. क्रम खरा असता, म्हणजे त्याला ज्या आणखी चार-पाच जागा घराजवळच्या कॉलेजापेक्षा जास्त आवडत होत्या त्या मध्ये लिहिलेल्या असत्या, तर हे झालं नसतं. पहिल्या सहा ओळींत भरतीची एकही जागा नको. तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम पहिल्यांदा शोधा आणि वाचा. आणि पसंती भरून झाल्यावर अर्ज कन्फर्म करायला विसरू नका. कन्फर्म न केलेला अर्ज वाटपात धरलाच जात नाही.

७. शाखा की संस्था?

यावर माझं मत स्पष्ट आहे. सीओईपीत स्थापत्य किंवा धातुशास्त्राचा कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा बराच खाली असतो, म्हणून ‘आत तर शिरू, मग बघू’ असं म्हणून अनेक जण ती शाखा घेतात. ज्याला पूल, धरणं, धातू यांची ओढ आहे त्याने ती अभिमानाने घ्यावी. या संस्थेसारखी परंपरा त्याला इतरत्र सहज मिळणार नाही. पण ज्याला प्रोग्रॅमिंगशिवाय काही सुचत नाही, त्याने केवळ नावासाठी चार वर्षं नावडतं शिकू नये. सांगली, नांदेड, कराड, अमरावती इथल्या शासकीय आणि अनुदानित संस्था त्याला आवडीची शाखा देऊ शकतात. रसायनाची गोडी असेल तर माटुंग्याच्या आयसीटीचा, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचा विचार आधी करा.

८. फीमुळे जागा सोडू नका

जागा मिळूनही फीच्या आकड्याला घाबरून मागे फिरणारी घरं आहेत, आणि हे टाळता येण्यासारखं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या, टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात. त्यांचे पर्याय पसंतिक्रमात वेगळे भरावे लागतात, न भरल्यास मिळत नाहीत. याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४-२५ पासून इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांच्या मर्यादेतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. त्यासाठी प्रवेश शासनाच्या सामाईक फेऱ्यांतून झालेला हवा आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज दर वर्षी मुदतीत भरलेला हवा. मुलीला जागा मिळाली असेल, तर ‘परवडणार नाही’ असं ठरवण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन एकदा समोरासमोर विचारा.